लिस्बनच्या जुन्या पेठा: चढ लिफ्टने, उतार पायांनी (माझा अनुभव)

लिस्बनच्या नकाशावर सगळे हाकेच्या अंतरावर वाटते. सखल बाजारपेठ बाइशा, तिच्या पूर्वेला किल्ल्याची टेकडी, पश्चिमेला शिआदू आणि बायरू आल्तू. पण नकाशा चढ दाखवत नाही. किल्ला नदीपासून शंभरेक मीटर उंच आहे आणि ती उंची चार-पाच गल्ल्यांतच गाठायची असते. सकाळी उत्साहाने चढून गेलेले लोक दुपारी दोनला एखाद्या पायरीवर बसून बूट चाचपताना दिसतात. म्हणून मी क्रम उंचीवरून ठरवला: वर जायचे ते लिफ्टने, सरकत्या जिन्याने किंवा ट्रॅमने, आणि खाली यायचे पायी. गल्ल्याही उतरतानाच नीट दिसतात. चढताना माणूस फक्त पुढची पायरी बघतो.

यासाठी दोन पूर्ण दिवस लागतात. मी मंगळवार-बुधवार धरले, कारण वारांचा घोळ इथे खरा आहे. जुना बाजार मंगळवारी आणि शनिवारीच भरतो, कार्मूचे पडके चर्च रविवारी बंद असते आणि बरीच सरकारी संग्रहालये सोमवारी बंद.

आधी कार्डाचे बघू. मेट्रो विमानतळावरूनच सुटते. लाल मार्गाने आलामेदा, तिथे हिरव्या मार्गात बदलून मार्टिम मोनीज, रोसिऊ किंवा बाइशा-शिआदू. यंत्रातून नावेगांते नावाचे कार्ड ५० सेंटला मिळते. ते माणशी एक लागते, दोघांत एक चालत नाही. त्यावर एकेरी तिकीट, २४ तासांचा पास किंवा नुसती शिल्लक भरता येते. या शिलकीला तिथे झॅपिंग म्हणतात. गोची अशी की एका कार्डावर एका वेळी एकच प्रकार राहतो. शिल्लक भरलेली असेल तर ती संपेपर्यंत यंत्र त्याच कार्डावर पास भरू देत नाही, आणि मागे रांग वाढत जाते. उपाय सोपा: आणखी ५० सेंट टाकून दुसरे कार्ड घ्या आणि पेनने खूण करा, कारण दोन्ही दिसायला सारखीच असतात. पासाचे २४ तास पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून मोजले जातात, तारखेवर नाही. पास सात युरोंच्या आसपास आणि एकेरी तिकीट दोन युरोंच्या आत, म्हणजे दिवसात चार फेऱ्या होणार असतील तरच पास परवडतो. या बेतात फेऱ्या कमी आहेत, म्हणून मी शिल्लकच भरली. ट्रॅममध्ये चढून चालकाकडे रोख तिकीट घेतले तर तीन युरोंहून जास्त जातात.

पेठा बघण्याआधी एक तारीख डोक्यात ठेवावी: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमाराची वेळ, चर्चे माणसांनी भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग नदीतून वर आलेली त्सुनामी, मग कित्येक दिवस धुमसणारी आग. गाळावर वसलेली बाइशा साफ गेली. किल्ल्याच्या उतारावरची, खडकावर उभी असलेली अल्फामा बऱ्याच अंशी तगली. म्हणून आज एका पेठेत पट्टीने आखलेले रस्ते आहेत आणि दहा मिनिटांवरच्या दुसऱ्या पेठेत दोन माणसे शेजारून जाताना खांदा तिरका करावा लागतो.

पहिला दिवस किल्ल्यापासून. बाइशामधल्या रुआ दुश फांकेइरोशवर, १७० ते १७८ क्रमांकाच्या इमारतीत, फुकट सार्वजनिक लिफ्ट आहे. दार साधे असल्याने लोक पुढे निघून जातात. ती रुआ दा मादालेनावर सोडते. समोरचा छोटा चौक ओलांडला की शाऊ दू लोरेइरू ही जुन्या मंडईची इमारत लागते. तळाला सुपरमार्केट आहे आणि तिथलीच लिफ्ट थेट कोश्ता दू काश्तेलू या वरच्या रस्त्यावर नेते. तिथून किल्ल्याचे दार दहा मिनिटांच्या सौम्य चढावर आहे. लिफ्ट बंद असेल तर प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ क्रमांकाची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते.

साओ जॉर्ज किल्ला सकाळी ९ ला उघडतो. तिकीट आधी ऑनलाइन काढून नऊलाच पोचावे. साडेदहानंतर गटांची गर्दी सुरू होते. किल्ला मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडून आलेल्या मुस्लिम, राज्यकर्त्यांचा, ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसू एन्रीकेश याने जिंकलेला. मात्र आज दिसणारे बुरूज आणि कंगोरे मोठ्या प्रमाणात १९३८ ते १९४० मधल्या डागडुजीचे आहेत, तेव्हा प्रत्येक दगडाला मध्ययुगीन समजू नये. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला लहानच वाटेल. तिकिटाचे पैसे वसूल होतात ते तटावरून बाइशाचे चौकोनी छप्पर बघताना: आता उतरायचे कुठे, हे वरूनच कळते.

उतरताना थेट अल्फामात शिरू नका. आधी पोर्ताश दू सोल आणि त्याला लागूनचे सांता लुझिया हे शहर बघायचे दोन सज्जे. दोन्हींचे तोंड पूर्व-दक्षिणेला आहे. सकाळी सूर्य समोरून येतो आणि फोटोत छपरे काळी पडतात, दुपारनंतर ती उजळतात. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची, म्हणजे आझुलेजूंची, दोन मोठी चित्रे आहेत. बहुतेकांची पाठ त्यांच्याकडे असते. एकात भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक आहे, दुसऱ्यात ११४७ चा किल्ल्यावरचा हल्ला आणि त्यात मार्टिम मोनीज, ज्याने दार बंद होऊ नये म्हणून त्यात स्वतःचे शरीर अडकवले अशी आख्यायिका आहे. मेट्रो स्थानकाला त्याचेच नाव आहे.

मंगळवार किंवा शनिवार असेल तर इथून पंधरा मिनिटांवर साओ व्हिसेंत चर्चच्या मागे फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो. सुट्या टाइल्स विकत घेण्याचा मोह आवरावा, कारण त्यांतल्या काही जुन्या घरांच्या भिंतींतून उचकटून चोरलेल्या असतात. बाजाराच्या खाली पांढऱ्या घुमटाचे सांता एंग्रासिया चर्च आहे. १६८२ मध्ये सुरू झालेल्या या कामाचा घुमट १९६६ मध्ये पुरा झाला. रखडलेल्या कामाला पोर्तुगीजांत आजही ‘सांता एंग्रासियाचे काम’ म्हणतात. पुलाच्या कामाला कंटाळलेल्या मराठी माणसाला हा वाक्प्रचार फुकट वापरता येईल. आत राष्ट्रीय स्मारक आहे: फादू या लिस्बनच्या पारंपरिक गाण्यांची गायिका आमालिया रोद्रीगेश आणि फुटबॉलपटू एउझेबिओ यांच्या समाध्या, आणि व्हास्को द गामा व आफोंसू द आल्बुकेर्क यांची रिकामी स्मृतिथडगी. गामाची खरी समाधी शहराच्या पश्चिमेला बेलेंच्या जेरोनिमुश मठात आहे. अनेक जण दोन्हीकडे जातात आणि गोंधळतात.

आता अल्फामा. नाव अरबीतून आले, उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या शब्दावरून. इथे फोनवरचा निळा ठिपका उंच भिंतींमुळे भरकटतो, शिवाय नकाशा जिन्याला रस्ता समजतो. त्यापेक्षा पाट्या वाचा. बेकू म्हणजे बोळ, बहुधा पुढे बंद. ट्रावेसा म्हणजे आडगल्ली. इश्काडिन्याश म्हणजे पायऱ्या. लार्गू म्हणजे छोटा चौक. काल्साडा हा शब्द दिसला की खडा चढ किंवा उतार समजावा. दिशा चुकली तर एकच नियम: उतार धरायचा, म्हणजे माणूस नदीशी पोचतोच. तळाला लार्गू दू शाफारीश द देंत्रू हा चौक आणि तिथेच फादू संग्रहालय. वाटेत लोकांची स्वयंपाकघरे अक्षरशः हाताच्या अंतरावर असतात. खिडकीत कॅमेरा घालू नये.

पायांखालची फरसबंदी चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांची आहे, शतकभराच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली. पाऊस पडला की ती शेवाळलेल्या घाटासारखी होते. सपाट तळव्याचे चामडी बूट इथे सर्वांत वाईट, खाचांचे रबरी तळवे हवेत. पावसात तिरक्या गल्लीऐवजी कठडा असलेल्या पायऱ्या निवडा, आणि चाकांची बॅग घेऊन अल्फामात खोली घेण्याआधी दोनदा विचार करा.

चौकातून नदीला समांतर पश्चिमेला दहाएक मिनिटे चालले की काझा दुश बीकुश लागते. सगळ्या दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड. हे घर १५२३ च्या सुमाराला ब्राश द आल्बुकेर्कने बांधवले. १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेणाऱ्या आफोंसू द आल्बुकेर्कचा हा मुलगा. वरचे दोन मजले भूकंपात पडले आणि १९८० च्या दशकात पुन्हा चढवले गेले. जोड कुठे आहे ते खिडक्यांची घडण बघून ओळखता येते. आत आता कादंबरीकार जुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे.

संध्याकाळी फादू ऐकायचा तर हिशेब आधी विचारा. काही ठिकाणी किमान इतके खावे-प्यावे अशी अट असते, काही ठिकाणी गाण्याचा आकार वेगळा. टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, चीज म्हणजे कोउव्हेर्त. ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत द्या, कोणी रागावत नाही. गाणे सुरू झाले की दिवे मंद होतात आणि बोलणे थांबते, वाढपीसुद्धा जागच्या जागी उभा राहतो. शाकाहारींनी सूपही विचारून घ्यावे. काल्दू व्हेर्द हे हिरव्या पालेभाजीचे सूप दिसते साधे, पण त्यात शोरिसूची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती असते. गोव्याच्या चोरिसाचे हे माहेर.

दुसऱ्या दिवशी बाइशा, आणि ती लवकर आटोपते. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याच्या हुकमाने ती नव्याने आखली गेली. रस्ते धंद्यांवरून: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. पुण्यातल्या तांबट आळी, बुरूड आळीसारखेच, फक्त काटकोनात. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा आहे, फुलीच्या आकाराच्या तिरप्या दांड्यांचा, म्हणजे हादऱ्यात चिरे पडले तरी सांगाडा उभा राहावा. तो बाहेरून दिसत नाही. रुआ दुश कोर्रेएइरोशवर एका बँकेच्या तळघरात मासे खारवण्याच्या रोमन टाक्या आहेत, मार्गदर्शकासह दाखवतात आणि पैसे घेत नाहीत, पण वेळ आधी ठरवावी लागते. सगळ्या बाइशात मला सर्वांत मोलाची जागा हीच वाटते. रोसिऊला लागून साओ दोमिंगुश चर्च आहे. १९५९ च्या आगीचे तडे गेलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत. पाच मिनिटे तरी आत जावे.

शिआदूला वर जाण्यासाठी लोक १९०२ च्या ४५ मीटर उंच सांता जुश्ता लोखंडी लिफ्टपुढे तासभर रांग लावतात. बाइशा-शिआदू मेट्रो स्थानकात खालच्या दाराने शिरा, लांबलचक सरकते जिने धरा, वरच्या दाराने बाहेर पडा. त्यासाठी तिकिटाचे फाटक ओलांडावे लागत नाही. ग्लोरिया फ्युनिक्युलर, म्हणजे केबलने चढ-उतार करणारा रुळांवरचा डबा, बेतात धरूच नका. ३ सप्टेंबर २०२५ ला केबल निसटून झालेल्या अपघातात १६ जण गेले आणि नंतर बाकीचे फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवले गेले.

कार्मूचा मठ १३८९ चा. छत भूकंपात गेले ते गेलेच, कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. बाहेरच्या चौकातल्या छावणीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलू काएतानू शरण आला आणि हुकूमशाही संपली. इथून सात-आठ मिनिटांवर साओ रोक हे जेझुइट चर्च बाहेरून अगदी कोरे आहे, पण आतले एक प्रार्थनालय रोममध्ये तयार करून जहाजांनी इथे आणले. तिथल्या सॅक्रिस्टीत, म्हणजे पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीत, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमाला आहे. तो १५४१ मध्ये लिस्बनहून निघाला आणि १५४२ मध्ये गोव्यात पोचला. जुन्या गोव्याचे बाँ जेझूस पाहिले असेल तर ही गोष्टीची सुरुवात.

२८ क्रमांकाची ट्रॅम मी यानंतर ठेवली. १९३० च्या दशकातले हे आखूड, चार चाकांचे डबे हौसेखातर ठेवलेले नाहीत. अल्फामाची वळणे इतकी आवळ आहेत की लांब, जोडलेली ट्रॅम तिथे वळतच नाही. बसायच्या जागा विसेक. मार्टिम मोनीजला दहानंतर मोठी रांग असते. त्यामुळे एकतर आठच्या आत, नाहीतर उलट्या टोकाहून, काम्पू द ओरीकहून बसा. नुसता अनुभव हवा असेल तर १२ क्रमांकाची ट्रॅम किल्ल्याच्या टेकडीला फेरा मारते आणि तिला गर्दी कमी असते. खिसेकापू चढण्याच्या रेट्यात काम करतात, आणि आतल्या गर्दीतही. पाठीवरची पिशवी दाराशीच पोटावर घ्या.

ट्रॅममधून ग्रासा या टेकडीवरच्या पेठेत उतरून सेन्योरा दू मोंत हा सज्जा गाठा. तोंड पश्चिमेला, म्हणून सूर्यास्त इथेच. नंतर काल्साडा दू मोंतवरून मोउरारियात उतरायचे. ११४७ नंतर हरलेल्या मूर लोकांना किल्ल्याबाहेर दिलेली ही जागा, आज बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानांची. शेजारच्या इंतेंदेंत चौकात २०११ मध्ये महापौर आंतोनिओ कोश्ता यांनी आपले कार्यालयच हलवले होते. पुढे पंतप्रधान झालेल्या कोश्तांचे वडिलांकडचे घराणे मडगावचे. इथल्या पाट्या मोठ्याने वाचत चाला: शाव, पाऊं, बताता, साबाऊं. चावी, पाव, बटाटा, साबण. कॉफीच्या दुकानात शामुसा दिसेल, तो आपला सामोसा. आत बहुतेक वेळा गोमांस किंवा कोंबडी असते, तेव्हा भाजीचा हवा असेल तर घेण्याआधी ‘सें कार्न?’ विचारा.