बादली ज्याच्या हातात, तो बोलणार

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात मुलं वर्ग सोडून गावात राहायला जातात. वर्तमानपत्रांत ‘कृषिकन्यांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन’ अशा मथळ्याखाली ओळीत उभ्या मुलींचा फोटो येतो ना, तोच हा कार्यक्रम. मी नाशिकच्या एका कृषी महाविद्यालयात शिकवते आणि पावसाळ्यात असे गट सांभाळते. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांतला चिखल त्यामुळे माझ्या ओळखीचा.

त्या वर्षी माझ्याकडे सहा मुलींचा गट होता. त्यातली एक पेठ या आदिवासी तालुक्यातली. वर्गात हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायची. गटात कामं वाटताना बाकीच्या आपसूक म्हणायच्या, ‘तिला लिहायचं काम द्या.’ कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं होतात. टाय लावलेला वक्ता ‘समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला’ असं सांगून जातो. त्या शिबिरातही ही मुलगी शेवटच्या रांगेत वहीत नक्षी काढत बसलेली मी पाहिली होती. नक्षी सुंदर होती, हेही सांगायला हवं.

गावात पहिल्या आठवड्यात मंदिरासमोरच्या फरशीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा असतो: रस्ते, विहिरी, ओढा, बागा, वस्त्या. ते काम साहजिकच तिच्याकडे आलं. थोड्याच वेळात पारावरची म्हातारी मंडळी भोवती जमली आणि चुका काढू लागली. ‘अगं पोरी, ओढा शाळेच्या मागून जातो.’ तिनं मान वर न करता विचारलं, ‘मागून म्हणजे कुठल्या अंगानं, आबा?’ मग ओढ्यावरून बंधारा निघाला, बंधाऱ्यावरून जुनी भांडणं निघाली, आणि ही खाली बघत एकेकाला प्रश्न विचारत राहिली. डोळ्यांत बघून बोलणं वगैरे काही नाही. सगळे जण रांगोळीकडे बघत होते आणि गप्पा मात्र रंगल्या होत्या.

म्हणून बोर्डो मिश्रणाच्या, म्हणजे द्राक्षांवर फवारायच्या बुरशीनाशकाच्या, प्रात्यक्षिकात मुख्य भाग मी तिला दिला. रात्री ती खोलीबाहेर येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘मॅडम, आई आणि मावशी छाटणीला, घडातले जादा मणी काढायच्या थिनिंगला इकडंच येतात. सुट्टीत मीपण यायचे. ज्यांच्या बागेत आई हजेरीवर राबते, त्यांना मी काय शिकवणार?’

पेठ-सुरगाण्याकडून मजूर आले नाहीत तर निफाडची द्राक्षं वेलीवरच राहतील, हे या भागात सगळ्यांना माहीत असतं. ते तिला सांगून उपयोग नव्हता. मी फक्त प्रात्यक्षिकाचा नियम बदलला. पाठ केलेलं भाषण रद्द. बादली ज्याच्या हातात, तो बोलणार. बाकीच्यांनी तोंड मिटून पुढचं सामान तयार ठेवायचं. हा नियम खरं तर गटातल्या सगळ्यात बोलक्या मुलीसाठी जास्त अवघड होता.

श्रावणातली सकाळ, आभाळ भरलेलं. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर फुटलेली पानं पावसात केवडा या बुरशीच्या रोगापासून वाचवायला बोर्डो मारतात, त्यामुळे पंधरा-वीस बागायतदार आले होते. सुरुवात बोलक्या मुलीनं केली. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून खायचे, म्हणून बागवाले वेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा नाही. त्यानं 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडलं. ‘म्हणजे औषधाचा शोध चोरांमुळं लागला!’ कोणीतरी म्हणालं, आणि मंडळी सैल झाली.

मग बादली तिच्या हातात आली. दहा लिटरचा नमुना होता. शंभर ग्रॅम मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून पाच लिटर पाण्यात टांगून ठेवलेलं. शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत फोडलेला, तोही पाच लिटरमध्ये. चुना मुद्दाम त्याच बागेच्या शेडमधला घेतला होता. ती काय करतेय ते सांगत होती, पण पहिल्या रांगेपलीकडे ऐकू जात नव्हतं. एक तात्या वैतागले. ‘किलोला किलो आणि शंभर लिटर पाणी. हे शेंबड्या पोरालापण माहीत आहे. नवीन काय ते सांगा.’

ती थांबली. आता ही रडणार असं मला वाटलं. तिनं विचारलं, ‘तात्या, चुना कधीचा आहे?’

गोणी गेल्या हंगामात फोडलेली होती आणि उघडीच पडून होती. तिनं विळा मागितला, राखेनं घासून चकचकीत केला आणि मिश्रणात बुडवून ठेवला. ती काही मिनिटं कोणीच बोललं नाही. विळा बाहेर काढला तेव्हा पात्यावर तांबूस थर होता. तात्यांनी स्वतः तो पुसला, पुन्हा बुडवला. पुन्हा तांबूस.

‘मोकळं तांबं राहिलंय,’ ती म्हणाली. उघड्या गोणीतल्या चुन्याला दमट हवा लागते, त्याचा जोर जातो. मग किलोला किलो हे प्रमाण कागदावरच राहतं, मिश्रण आम्ल होतं आणि कोवळी पानं करपतात. म्हणून विळा तांबूस व्हायचा थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालत जायची आणि तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. बोलक्या मुलीनं न सांगता निवळीचं भांडं पुढे केलं. तात्या शेजाऱ्याला म्हणाले, ‘मागच्या पावसात शेंडे करपले तेव्हा आपण दुकानदाराला शिव्या घातल्या, नाही का?’

इथं प्रात्यक्षिक संपायला हरकत नव्हती. पण तिनं विचारलं, ‘द्रावण कालवतं कोण?’

बागायतदार एकमेकांकडे बघू लागले. ‘माणसं कालवतात,’ तात्या म्हणाले. ती माणसं बांधाजवळ पंपाच्या नळ्या घेऊन आमचं आटपायची वाट बघत उभी होती: चार बायका, दोन गडी. ही दोन्ही बादल्या उचलून थेट त्यांच्याकडे गेली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगू लागली, त्यांच्या आणि तिच्या बोलीत. मला निम्मंच कळत होतं. आवाज मात्र आता शेडपर्यंत येत होता. विळा तिनं एका बाईच्या हातात दिला, दुसरीला हातमोजे घालायला लावले. मोरचूद कशात भिजवता, असं विचारल्यावर एका गड्यानं लोखंडी पीप दाखवलं. त्याचा तळ चाळणीसारखा झाला होता. मोरचूद लोखंड खातं. म्हणून प्लास्टिकचं भांडं वापरायचं, हे तिनं त्यांना सांगितलं. मग मागं वळून तात्यांना स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘तात्या, यांना प्लास्टिकचा ड्रम आणून द्या.’

तात्या ‘हो’ म्हणाले. आणला की नाही, मला ठाऊक नाही.

सत्राच्या शेवटी कॉलेजच्या सभागृहात सादरीकरण असतं. पडद्यावर स्लाईड, समोर बाहेरून आलेले परीक्षक. तिथं ती स्लाईडकडे तोंड करून पुटपुटली आणि सादरीकरणाच्या रकान्यात तिला बेताचेच गुण पडले. परीक्षकांची चूक नव्हती, त्यांना ऐकूच आलं नाही. चुन्यावर प्रश्न आला तेव्हा मात्र ती टेबलापाशी आली, पाण्याचा ग्लास उचलला आणि तो बादली असल्यासारखा धरून बोलत सुटली. शेवटी परीक्षकांनाच ‘पुरे, पुरे’ म्हणावं लागलं.

बादलीचा नियम मी पुढच्या गटांनाही लावला. शिवाय आता फवारणीची प्रात्यक्षिकं सकाळी लवकर ठेवते, मजूर कामाला लागायच्या आधी, आणि निरोप देताना ‘कालवणारी माणसं हजर हवीत’ असं बागायतदारांना कळवते. काही जण कुरकुरतात. तेवढ्या वेळात दोन ओळी फवारून झाल्या असत्या, म्हणतात.