कर्लीच्या पाण्यात, गुडघाभर

आज सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी मालवणजवळच्या कर्ली नदीत फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशी लावून मासे पकडायची काठी, घेऊन उतरलो. फ्लाय फिशिंग म्हटलं की लोकांना काश्मीर-हिमाचलचा ट्राउट मासा आठवतो. त्याला बर्फाचं गार पाणी लागतं, आपल्याकडे तो जगायचा नाही. पण आपल्याकडे खाडीत जिताडा आणि तांबोशी हे मासे आहेत, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

ओहोटीला कांदळवनातले छोटे व्हाळ, म्हणजे ओहोळ, रिकामे होतात आणि पाण्याबरोबर कोळंबी, बारकी मासळी बाहेर येते. जिताडा नेमका त्या तोंडाशी दबा धरून असतो. तिथवर जाताना पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत न्यायचं. तळाशी पाकट हा चपटा मासा बसलेला असला तर चाहूल लागून निघून जातो, नाहीतर त्याच्या शेपटीचा विषारी काटा आहेच!

फ्लाय फिशिंगमध्ये गळ लांब फेकायला शिशाचं वजन नसतं. आमिष म्हणून लावलेली पिसं-दोऱ्याची नकली माशी वजनाला काहीच नाही, दोरीच जड असते आणि तीच माशीला पुढे नेते. म्हणून ती हवेत मागेपुढे खेळवावी लागते. काठावरून एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी राहवलं नाही त्यांना, "रे झिला, पाण्याक फटके कित्याक मारतंस?"

तेवढ्यात दोरी ताणली. वीतभर जिताडा, चंदेरी, उजेडात डोळा तांबूस चमकणारा. सोडून दिला. जिताडे आधी नर असतात, मोठेपणी मादी होतात. याला अजून बराच पल्ला गाठायचाय. आजोबांना मात्र ते अजिबात पटलं नाही.

कोणी येणार असाल तर जुने कॅनव्हासचे बूट आणा. स्लिपर नको, कालवं, म्हणजे धारदार शिंपले, तळपाय फाडतात.