प्लेगच्या वेळची खर्चाची वही

इंदूरच्या जुन्या मराठी घरांमधे कागद अजून बरेच आहेत, फक्त जाऊन विचारावं लागतं. माझी पीएचडी प्लेगवर आहे, म्हणजे औषधांपेक्षा लोक तेव्हा कसे वागले, कोण निघून गेलं, कोण मागे राहिलं ह्यावर. 1896 ला साथ मुंबईत आली आणि पुढे इंदूरही सुटलं नाही. पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश नगररचनाकाराचा 1918 चा इंदूरवरचा रिपोर्ट मी पुन्हा पुन्हा वाचलाय, त्याने दिवाळीत प्लेगच्या उंदराचा भला मोठा पुतळा मिरवला होता, पण रिपोर्टात गल्ल्या, घरं, गटारं सापडतात, घरातली माणसं नाही सापडत.

परवा राजवाड्याजवळच्या एका काकूंकडे गेले. त्यांच्या आजेसासऱ्यांची मोडीतली वही, कडा कसरीने खाल्लेल्या. बांबू, तट्टे, गवत, बैलगाडीचं भाडं. म्हणजे घरात उंदीर मरून पडले आणि अख्खं कुटुंब गावाबाहेर मळ्यात झोपड्या घालून राहिलं, हे तर तेव्हा सगळीकडेच व्हायचं. पण खालीच एक ओळ होती, वाड्यात निजण्याबद्दल एका गड्याला दीड रुपया.

अंगावर काटाच आला. 1898 ला कराचीत पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं होतं की प्लेगने उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरं अंग शोधतात आणि त्या चावल्या की माणसालाही प्लेग होतो, पण बरीच वर्षं ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आता विचार करा, उंदीर मेलेले, घरचे सगळे मळ्यात, आणि त्या वाड्यात रात्री झोपणारा हा एकटा. पिसवांचं घरच्यांना माहीत नसेल, मान्य, पण उंदीर पडला की घर सोडायचं एवढं तर पक्कं माहीत होतं ना.

पुढच्या महिन्याचं पान काढलं. रक्कम तीच, नाव दुसरं. पहिला काम सोडून गेला की त्याला प्लेगची गाठ आली, वहीत काहीच नाही.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, झोपड्यांच्या गोष्टी सासूबाई किती रंगवून सांगायच्या, पण वाड्यात कोणाला ठेवलं होतं हे घरात कधी कोणी बोललंच नाही."

प्लेगच्या इतिहासात लस कोणी टोचून घेतली, कोणी विरोध केला ह्यावर भरपूर लिहिलं गेलंय. साथीत जीव धोक्यात घालायचं काम पैसे देऊन कोणाकडून करून घेतलं, हेही तितक्याच बारकाईने शोधायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ते अशा घरखर्चाच्या वह्यांतच सापडेल. काकूंनी पानांचे फोटो काढू दिले, वर म्हणाल्या माळ्यावर अजून एक ट्रंक आहे, रविवारी मुलगा घरी असतो तेव्हा ये, तो काढून देईल.