पिल्लाचे वाकलेले पाय

डिचोलीतल्या आमच्या घरी आणलेल्या लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचे पुढचे पाय तिसऱ्या महिन्यात मनगटापाशी बाहेरच्या बाजूस वाकू लागले आणि गुळगुळीत लादीवर पंजे फाकून ते पोटावरच बसू लागले. शेजारच्या काकींनी त्याला उन्हात बांधायला सांगितले. परंतु माणसाच्या कातडीत होते तसे कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. पशुवैद्यांनी एक्स-रे पाहून दोष आहाराचा असल्याचे सांगितले. आम्ही त्याला देत होतो त्या भातात आणि काटे काढलेल्या मासळीत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते, आणि हे प्रमाण बिघडले की शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेते. तरीही कॅल्शियमची बाटली आणून मनाने पाजणे हा उपाय नव्हे, कारण कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि मोठ्या जातींत त्यानेही हाडे बिघडतात. आम्ही मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य सुरू केले, लादीवर काथ्याची चटई अंथरली, जिना बंद केला. वजन आटोक्यात ठेवणे मात्र सर्वांत कठीण गेले, कारण पाहुणा असो वा कुत्रा, ताट रिकामे दिसले की आईचा हात आपोआप पुढे होतो. पाय आता बरेच सरळ झाले आहेत. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे वर्षभर तरी, उंचावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, असे पशुवैद्यांनी बजावले आहे.