चपटं झालेलं हाड आणि माझा जबडा

कान दुखायचा, पण कानात काहीच नव्हतं. सेलूच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, "कान स्वच्छ आहे, जबडा दाखवा." तोवर माझी भाकरी सुटत आली होती. घास चावताना डाव्या कानापुढे करकर व्हायची, सकाळी जबडा आखडलेला असायचा. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी सुटली म्हणजे जेवणच सुटल्यासारखं.

रेल्वेने छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. केसपेपर, रांग, ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे. इंटर्न मुलीने दोन्ही कानांपुढे बोटं टेकवून मला तोंड उघडायला-मिटायला लावलं, मग पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजलं. २८ मिलिमीटर. एरवी ४० च्या आसपास किंवा जास्त हवं. तोंड उघडताना हनुवटी डावीकडे जात होती, तेही तिने आरशात दाखवलं. ओपीजीत सांधा पुरता कळत नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, बाहेरून करून आणला.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी, सरांनी, तो स्क्रीनवर लावून मला शेजारी बसवून घेतलं. रांग बाहेरपर्यंत असताना एवढा वेळ दिला, हे मी विसरणार नाही. जबड्याचं वरचं टोक म्हणजे कॉन्डाइल. उजवीकडचं गोलसर, कडेची पांढरी रेघ अखंड. डावीकडचं वरून चपटं. रेघ मध्येच तुटलेली, तिथे हाड कुरतडलेलं. पुढे पक्ष्याच्या चोचीसारखा काटा वाढलेला. आतलं हाड दाट, त्यात एक काळी पोकळी. वरच्या खोबणीपर्यंतची फटही अरुंद.

"काकू, कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, झिजली की भार हाडावर येतो, आणि हाड आपला आकार बदलत जातं."

"परत गोल होईल का?"

"ते नाही. पण तुटलेली रेघ भरून येऊ शकते. चपट्या हाडावरही माणसं न दुखता जेवतात. स्कॅन वाईट दिसतो तेवढं दुखतंच असं नाही."

मला धीर आला तो या बोलण्याने. सांध्यातली मधली चकती बघायला एमआरआय लागतो, पण त्याने माझा उपचार बदलणार नव्हता, म्हणून तो काढला नाही.

रात्री दातांवर बसवायची कडक स्प्लिंट दिली, थोडे दिवस गोळ्या, कोमट शेक, हलका व्यायाम. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. सूनबाई भाकरी वरणात चांगली कुस्करून द्यायची, कधी आंबील करायची. हुरड्याच्या दिवसांत सगळे शेतात गेले, मी मात्र घरी राहिले. त्याचं फार वाईट वाटलं. दुखणं हळूहळू उतरलं, आखडणंही. आता तोंड ३७ पर्यंत उघडतं आणि मऊ भाकरी खाता येते. करकर आहे तशीच आहे. नुसत्या आवाजाला उपचार नको, असं सर म्हणाले.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवायला सांगितलंय. टोक झिजून उंची कमी झाली तर जबडा मागे किंवा एका बाजूला सरकतो, चाव बदलतो, पुढचे दात एकमेकांवर बसेनासे होतात. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं.