अर्ध्या मिनिटाची शांतता

थिएटरात मधेच आवाज गेला तर गप्प बसायचं नाही, ही आम्हा नाशिककरांची जुनी रीत. दोन सेकंद झाले की मागून पहिली आरोळी येते, "ए, आवाज!" मग शिट्ट्या, मग ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार.

२०१६ साली 'सैराट' पाहिला तेव्हा तर थिएटरची जत्राच झाली होती. गाण्यांना पोरं खुर्च्यांवर उभी. मागच्या रांगेतले एक काका प्रत्येक प्रसंग बायकोला समजावून सांगत होते, जणू त्यांनीच लिहिला होता. आणि शेवटी ते लहानगं पोर रडत बाहेर येतं, लाल पावलं उमटवत. त्याचं तोंड रडताना दिसतं, पण रडू ऐकू येत नाही. आवाज काढूनच घेतलेला. मी सवयीने आरोळीची वाट पाहिली. आली नाही. एसीची घरघर, कुणाच्या तरी बांगड्या, आणि काकांनी नाकाने ओढलेला एक श्वास, एवढंच. ते रडू स्पीकरमधून आलं असतं तर मी एव्हाना विसरलो असतो.

माझी भाची मुंबईत सिनेमाच्या साउंडचं काम करते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "मामा, शूटिंगला एक शॉट झाला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करतात. हलायचं नाही, बोलायचं नाही. अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची."

"रिकामी खोली?"

"रिकामी कुठे? पंखा असतो, रस्ता असतो, माणसांचे श्वास असतात."

याला ते रूम टोन म्हणतात. संवाद कापून जोडताना मधे जी भोकं पडतात, त्यांना या शांततेची ठिगळं लावायची. कोरी शांतता लावली तर बघणाऱ्याला वाटतं, टीव्हीच बिघडला. म्हणजे शांतता ऐकू यायलासुद्धा थोडा आवाज लागतो. बाकी कारागिरीही अशीच गमतीची. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या, बर्फातली पावलं म्हणजे चामड्याच्या पिशवीत दाबलेलं कॉर्नफ्लॉवर. जॅक फोली नावाच्या गृहस्थाने हॉलिवूडमध्ये हे काम नावारूपाला आणलं म्हणून त्याला फोलीच म्हणतात. बर्फ आम्ही पाहिलाय तो निफाडच्या द्राक्षांवर, तोही वर्तमानपत्रातल्या फोटोत. त्यामुळे आमची फसवणूक सोपी.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे गेलं की मला वाटतं, या त्र्यंबकेश्वरच्या माणसाने उभं आयुष्य मुक्या चित्रांत काढलं. खरं तर त्या काळी थिएटर मुकं नसेच. पेटी-तबला वाजत असे, पडद्यावर काय चाललंय ते सांगणाराही असे. (मागच्या रांगेतले काका त्याच घराण्यातले असावेत.) फाळक्यांनी स्वतः सुरुवातीपासून बोलपट म्हणून केलेला चित्रपट एकच, १९३७ चा 'गंगावतरण'. त्याच वर्षी शांतारामबापूंनी 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत वापरलंच नाही. भारतात बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, प्रत्येकाला गाऊन-वाजवून दाखवायची घाई, आणि हा माणूस घरातल्या-रस्त्यावरच्या आवाजांवर भिस्त ठेवतो! आज आमच्या घरी मालिकेत सासूने नुसतं वळून पाहिलं तरी तीनदा ढँग होतं. कुठे दचकायचं हे न सांगता आपल्याला कळणारच नाही, अशी त्या लोकांची ठाम समजूत दिसते.

भाची गेल्यावर एका दुपारी मीही प्रयोग केला. मोबाईल टेबलावर ठेवला, बायकोला हाताने 'थांब' अशी खूण केली, आणि दोघं अर्धा मिनिट उभे राहिलो. ती पोळपाटाशी, मी खिडकीपाशी. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. मग लावून ऐकलं. फ्रिज गुरगुरत होता. शेजारच्या कुकरची अर्धवट शिट्टी होती. खाली भंगारवाल्याची लांबलेली हाक. तवा तापल्याची बारीक चरचर. माझ्या श्वासात दम्यासारखी एक घरघर आहे, ती मला आजवर माहीतच नव्हती.

आणि अगदी शेवटी, हळूच, "झालं का? पोळी करपतेय."