मीटरचा लाल दिवा

येळ्ळूरच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला तेव्हा मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या पत्र्यावर उभा होतो. “साहेब, तुमचं सोलर आलं आणि आमचं बिल जवळजवळ दुप्पट झालं. जरा येऊन बघून जावा की,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मी अधिक अवघडलो. बेळगाव तालुक्यात घरांवर सौर पॅनेल बसवण्याच्या कामावर मी देखरेख करतो. पॅनेल बसवल्यावर बिल वाढल्याची तक्रार तोवर माझ्याकडे कधी आली नव्हती. ही गोष्ट एप्रिल 2025 मधली आहे.

गुरुजींच्या घरचा विजेचा हिशेब मला पाठ होता. 2022–23 या वर्षात त्यांचा महिन्याचा सरासरी वापर 170 युनिट होता आणि कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत त्यावर दहा टक्के धरून 187 युनिटपर्यंतची वीज त्यांना मोफत मिळत असे. या योजनेची गोम अशी, की वापर 200 युनिटच्या पलीकडे गेला तर केवळ वरच्या युनिटांचे नव्हे, तर सगळ्याच युनिटांचे पैसे भरावे लागतात. मुलगा आणि सून पुण्याहून परतून घरातूनच काम करू लागल्यापासून वापर 240 च्या घरात गेला आणि शून्य बिलाची सवय झालेल्या घरात एकदम पूर्ण बिल येऊ लागले. मग त्यांनी पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॉटची यंत्रणा बसवायचे ठरवले, कारण त्या क्षमतेला केंद्राचे 78,000 रुपये अनुदान मिळते.

मी पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. बिल कन्नडमध्ये असल्यामुळे ते वाचायला शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातीला बोलावण्यात आले आणि तिने आकडा वाचला: 441 युनिट. पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या नोंदीत मार्च महिन्याची निर्मिती 352 युनिट दिसत होती, म्हणजे यंत्रणा उत्तम चालली होती. वापर 240, निर्मिती 352 आणि बिल 441 युनिटांचे, हे गणित कोणत्याही अंगाने बसेना.

मी घरातले सगळे एमसीबी, म्हणजे वीज तोडणारे खटके, खाली पाडले आणि फक्त सोलरचा चालू ठेवला. पंखे थांबले, फ्रीजची घरघर थांबली. घरात एकही उपकरण चालू नसताना मीटरवरचा लाल दिवा मात्र सेकंदाला दोनदा लुकलुकत होता. त्या मीटरवर 3200 हा आकडा छापलेला होता. दिवा तितक्या वेळा लुकलुकला, की एक युनिट मोजले जाते. मी सोलरचा एमसीबी पाडताच दिवा थांबला, पुन्हा चढवला आणि इन्व्हर्टर काही मिनिटांनी जागा झाला, तसा तोही पुन्हा नाचू लागला. गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून हे सगळे पाहत होते. “म्हणजे आम्ही वीज देतोय, आणि हा आमच्याच नावावर मांडतोय?” त्यांनी विचारले.

नेमके तेच घडत होते. पुष्कळ जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरना वीज कोणत्या दिशेने जाते याचे सोयरसुतक नसते. आत आलेली असो वा बाहेर गेलेली, ते तिची बेरीजच करत जातात. नेट मीटर आयात आणि निर्यात वेगळी नोंदवतो, आणि म्हणूनच तो लागेपर्यंत यंत्रणा बंद ठेवायची असते. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: रात्री आणि सकाळी तारेवरून घेतलेली वीज साधारण 165 युनिट, दिवसा घरात खपून उरलेली आणि बाहेर गेलेली साधारण 276 युनिट. बेरीज बरोबर 441.

मग यंत्रणा चालू कोणी केली? उत्तर मला देता येत होते, पण द्यावेसे वाटत नव्हते. महाशिवरात्रीला काकूंनी इन्व्हर्टरला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता, आणि त्यांचा हिरमोड नको म्हणून आमच्या वायरमनने ती पाच मिनिटांसाठी सुरू केली होती. पाच मिनिटांनी ती बंद करून कुलूप लावणे हे माझे काम होते. मी त्या दिवशी प्रसाद घेऊन निघून गेलो. मंजुरीआधी यंत्रणा चालवल्यामुळे वीज कंपनीकडे दाद मागायलाही तोंड नव्हते. जादा युनिटांचे पैसे आमच्या दुकानाने भरले आणि तेच योग्य होते.

इथेच प्रकरण संपले असते, पण सगळे एमसीबी पाडलेलेच होते, म्हणून सोलर बंद ठेवून मी एकेक चढवत दिवा पाहू लागलो. फ्रीज, पंखे, दोघांचे लॅपटॉप यांनी दिवा जेमतेम हलला. न्हाणीघराच्या प्लगपाशी आलो तेव्हा काकू म्हणाल्या, “तिथं सकाळी रॉड लावतो आम्ही.” मी रॉड बादलीत सोडून बटण दाबले, आणि दिवा तीन सेकंदांत चार वेळा लुकलुकू लागला. तो 1500 वॉटचा होता. पूर्वी घरात तांब्याचा बंब होता. धुराने नातीचा खोकला वाढू लागला म्हणून तो मोडीत घातला आणि त्याच्या जागी हा रॉड आला. सहा माणसांच्या बादल्या एकामागून एक तापवायला रोज दोन तास लागत, म्हणजे दिवसाला 3 आणि महिन्याला 90 युनिट.

240 मधून 90 वजा केल्यावर काय उरते ते गुरुजींनी माझ्याआधी सांगितले. दीडशे. म्हणजे 187 च्या बरेच आत, म्हणजे शून्य बिल. पॅनेलऐवजी एक सौर बंब बसवला असता, तरी या घराचा प्रश्न त्याहून पुष्कळ कमी खर्चात सुटला असता. मी छपराची लांबी-रुंदी मोजली होती, सावली पाहिली होती, पॅनेलना दक्षिणेकडे पंधरा अंशांचा उतार दिला होता. न्हाणीघरात मात्र मी डोकावलोदेखील नव्हतो. माझ्या धंद्यात किलोवॉट विकले जातात, आणि कमी किलोवॉट विकायला जो सांगेल त्याला दुकानात कोणी चहा विचारत नाही, हेही खरेच.

मे महिन्यात नेट मीटर लागला. त्याच सुमारास 200 लिटरचा सौर बंबही बसवला आणि त्यात मी नफा घेतला नाही. गावातल्या बोअरच्या पाण्याने काचेच्या नळ्यांत क्षार धरतात, म्हणून पाणी विहिरीचे जोडले. गार पाण्याची टाकी बंबाहून उंच लागते, तिचा चौथरा पॅनेलच्या उत्तरेला बांधला, कारण हिवाळ्यात सावली उत्तरेकडे लांबते. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथला मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा सावली इतकी आखूड असते, की ती पॅनेलपर्यंत पोहोचत नाही.

गुरुजींनी शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही आखली आहे आणि रोज संध्याकाळी आयात, निर्यात आणि निर्मिती असे तीन आकडे ते त्यात लिहितात. जुलैत झड लागली तेव्हा मी सहज डोकावलो होतो. निर्मिती काही दिवस 4 युनिटांवर आली होती, बंबातले पाणी कोमट होते, आणि सकाळी रॉड पुन्हा बादलीत जात होता. ते दिवस त्यांनी लाल शाईने लिहिले होते आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द होता: गैरहजर.